इंग्रजीचा पहिला धडा आणि ब्रिटनचा नकाशा

आमच्या परिचयातील एका मुलीला काही वर्षांपूर्वी परदेशात परिचारिकेची नोकरी मिळाली. तिकडे जाण्यापूर्वी इंग्रजी भाषेची परीक्षा द्यावी लागते. मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, भाषेचा शिक्षक नव्हे. तरीही शेजारधर्म म्हणून तिची तयारी करून घेण्याचे काम माझ्याकडे आले. शिकवणीच्या वर्गातून तिला एक पुस्तिका मिळाली होती. तीत 'इंग्लंड देशाची ओळख' असा एक पाठ होता. लंडनचा पूल, राजवाडा, दुपारचा चहा आणि सततचा पाऊस ह्यांचे वर्णन करून झाल्यावर पाठाच्या शेवटी म्हटले होते की, इंग्लंडलाच ब्रिटन किंवा युनायटेड किंगडम असेही म्हणतात व तेथील लोकांची भाषा इंग्रजी आहे. मुलीची नोकरी वायव्य वेल्समधील एका लहान गावातल्या रुग्णालयात होती. ती मात्र सर्वांना 'मी इंग्लंडला चालले' असे सांगत होती. मीही तिला कधी दुरुस्त केले नाही. परीक्षेत हा प्रश्न विचारत नाहीत, एवढाच विचार त्या वेळी मी केला.

तेथे गेल्यावर महिन्याभराने तिचा फोन आला. रात्रपाळीला तिच्या वॉर्डात एक अतिवृद्ध बाई होत्या. स्मृती क्षीण झालेली, शब्द तुटक. त्या पुनःपुन्हा 'दूर, दूर' म्हणत होत्या. ह्या मुलीला वाटले, परकी म्हणून आपल्याला जवळ येऊ देत नाहीत. ती बिचारी दोन पावले मागे सरून उभी राहिली. थोड्या वेळाने स्थानिक परिचारिका आली आणि तिने त्या बाईंच्या ओठांशी पाण्याचा पेला धरला. वेल्श भाषेत पाण्याला 'दूर' म्हणतात. म्हातारपणी पुढे शिकलेली इंग्रजी विरून गेली होती आणि आईच्या तोंडून ऐकलेली भाषा तेवढी शिल्लक राहिली होती.

फोनवर मुलगी म्हणाली, "सर, इथे दुसरी भाषा आहे हे मला कोणीच सांगितले नव्हते." त्या 'कोणीच'मध्ये मी होतो. म्हणून हा लेख.

आपल्या चळवळीतील अनेक कार्यकर्ते वस्त्यांतून, कामगारांच्या मुलांसाठी इंग्रजीचे वर्ग चालवतात. इंग्रजीच्या प्रश्नावर आपल्या पक्षात आजवर पुष्कळ वाद झाले, परंतु इंग्रजी शिकवताना ज्या देशाचे चित्र आपण विद्यार्थ्यापुढे उभे करतो, ते चित्र कोणाचे, ह्याचा विचार फारसा झालेला नाही. माझे म्हणणे असे की, त्या देशाची नावे हाच इंग्रजीचा पहिला राजकीय धडा आहे, आणि तो आपण चुकीचा शिकवतो.

चार देश, एक राज्य

प्रथम नावांचा घोळ मिटवू. 'ग्रेट ब्रिटन' हे एका बेटाचे नाव आहे. त्या बेटावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स हे तीन देश आहेत. शेजारच्या आयर्लंड बेटाचा ईशान्य कोपरा म्हणजे उत्तर आयर्लंड. हे चार मिळून जे राज्य होते त्याचे अधिकृत नाव 'ग्रेट ब्रिटन व उत्तर आयर्लंड ह्यांचे संयुक्त राज्य'. आयर्लंडचा उरलेला, मोठा भाग हे स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. डब्लिनला ब्रिटिश शहर म्हणणे हे कराचीला भारतीय शहर म्हणण्यासारखे आहे. मॅन हे बेट आणि फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची चॅनेल बेटे ब्रिटिश राजसत्तेखाली असूनही संयुक्त राज्याचा भाग नाहीत. ह्या साऱ्या बेटांना मिळून 'ब्रिटिश बेटे' म्हणण्याची भूगोलाच्या पुस्तकांतली प्रथाही निरपवाद नाही. आयर्लंडचे सरकार तो शब्द वापरत नाही.

ह्या राज्याचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर आहे. आपले महाराष्ट्र राज्य ३ लाख ७ हजारांहून अधिक आहे. म्हणजे ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांचा मुलूख महाराष्ट्राहून लहान. पण त्याच्या अंतर्गत विषमता मोठी आहे. २०२१-२२ च्या जनगणनांनुसार इंग्लंडची लोकसंख्या सुमारे साडेपाच कोटींहून अधिक, स्कॉटलंडची ५४ लाख, वेल्सची ३१ लाख आणि उत्तर आयर्लंडची १९ लाख. शंभरातील चौऱ्याऐंशी माणसे एकाच घटक देशात राहतात. अशा संघात मोठ्या भावाचे नाव साऱ्या घराला चिकटते. त्यात मोठ्या भावाला काही वावगेही वाटत नाही. वाटते ते धाकट्यांना.

आपणही ह्या चुकीत सामील आहोत. 'इंग्रज' हा आपला शब्द पोर्तुगिजांकडून आला. आपण तो सरसकट सर्व गोऱ्या राज्यकर्त्यांना लावला. परंतु पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्याचा कारभार पाहणारा एल्फिन्स्टन, साताऱ्याला रेसिडेंट असलेला व १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ, मुंबईत विल्सन कॉलेजाचा पाया घालणारे मिशनरी जॉन विल्सन, हे तिघेही स्कॉटिश होते. क्रिकेटचे उदाहरण तर आमच्या पिढीच्या तोंडपाठ आहे. १९७२-७३ साली जो इंग्लंडचा संघ भारतात आला आणि वाडेकरांच्या संघाकडून २-१ असा हरला, त्याचा कर्णधार टोनी लुईस हा वेल्समधील स्वान्झीचा. १९७४ साली लॉर्ड्सवर ज्या संघाने आपल्याला ४२ धावांत गुंडाळले, त्याचा कर्णधार माइक डेनेस हा स्कॉटलंडचा. दोन्ही वेळा रेडिओला कान लावून आम्ही 'इंग्लंड'ला शिव्या दिल्या, आणि दोन्ही वेळा इंग्लंडचा कर्णधार इंग्रज नव्हता!

खेळाच्या मैदानावर ही गुंतागुंत आजही दिसते. फुटबॉलमध्ये चारही देशांचे वेगवेगळे राष्ट्रीय संघ आहेत. ऑलिंपिकमध्ये एकच संघ उतरतो. रग्बीत आणि क्रिकेटमध्ये आयर्लंडचा संघ सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचा मिळून असतो. 'तुझे राष्ट्र कोणते?' ह्या प्रश्नाला तिकडच्या माणसाचे उत्तर विषयागणिक बदलते, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही.

नकाशा कोणी काढला?

शाळेच्या भूगोलात असे भासवले जाते की, समुद्राने वेढलेले बेट म्हणजे निसर्गानेच घडवलेले राष्ट्र. निसर्गाने बेट घडवले हे खरे. राष्ट्र मात्र कायद्याने, बाजाराने आणि तलवारीने घडवले. वेल्स तेराव्या शतकात जिंकला गेला आणि १५३६ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये विलीन झाला. त्या कायद्याने न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरवली आणि वेल्श बोलणाऱ्यास सरकारी पद वर्ज्य केले. स्कॉटलंडचे प्रकरण वेगळे. १६०३ साली दोन्ही देशांचा राजा एक झाला; दोन्ही संसदा एक झाल्या त्या १७०७ साली. मधल्या काळात, १६९८ ते १७०० च्या दरम्यान, पनामाच्या संयोगभूमीवर वसाहत करण्याच्या उद्योगात स्कॉटलंडच्या भांडवलाचा मोठा हिस्सा बुडाला होता. १७०७ च्या करारात स्कॉटलंडला सुमारे चार लाख पौंड देण्यात आले. त्यांतील काही रक्कम त्या बुडीत कंपनीच्या भागधारकांना नुकसानभरपाई म्हणून होती. शिवाय इंग्लंडच्या वसाहतींचा व्यापार स्कॉटिश व्यापाऱ्यांना खुला झाला. चर्च, कायदा आणि शिक्षण ह्या तीन गोष्टी मात्र स्कॉटलंडने आपल्या हाती राखल्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा विवाह प्रेमाचा न वाटता व्यवहाराचा वाटला, तर त्यात त्याचा दोष नाही.

आयर्लंड १८०१ साली ह्या संयुक्त राज्यात सामील करण्यात आला. अर्ध्या शतकाच्या आत, १८४५ नंतर, बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे मेली. तितकीच देश सोडून गेली. आयर्लंड तेव्हा वसाहत नव्हती, कागदोपत्री ती ब्रिटिश राज्याचा समान भाग होती. तरीही माणसे मरत असताना धान्य आणि गुरे इंग्लंडकडे जातच राहिली. बाजारात हस्तक्षेप करू नये ह्या तत्त्वाला कवटाळून बसलेला त्या वेळचा कोषागारातील वरिष्ठ अधिकारी चार्ल्स ट्रिव्हेलियन हा पुढे मद्रासचा गव्हर्नर होऊन आपल्याकडे आला. १९२२ साली आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला आणि १९२७ साली राज्याच्या नावातही बदल करावा लागला. म्हणजे आज आपण जे नाव पाठ करून घेतो, ते शंभर वर्षांचेही नाही.

गळ्यात अडकवलेली पाटी

आता भाषेकडे वळू. वेल्सचे लोक आपल्या देशाला 'कम्री' म्हणतात. मूळ अर्थ, एका भूमीतले सोबती. 'वेल्श' हे नाव इंग्रजांनी दिलेले आहे आणि त्याचा जुना अर्थ 'परके' असा आहे. आपल्याच भूमीत राहणाऱ्यांना परके ठरवणारे हे नाव आज जगभर अधिकृत आहे. भाषा शिकणाऱ्याला शब्दाचा इतिहास सांगायचा, तर ह्याहून चांगला शब्द मिळणार नाही.

१८४६ साली वेल्समधील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने तीन इंग्रज वकील पाठवले. तिघांनाही वेल्श येत नव्हते. वेल्श लोकांचे मागासलेपण आणि त्यांची नीतिमत्ता ह्यांवर ताशेरे ओढताना त्यांनी वेल्श भाषेलाच दोष दिला. वेल्समध्ये हा अहवाल आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकातील अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवीत. ते मूल दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडून पाटी त्याच्या गळ्यात घाली. दिवस संपताना पाटी ज्याच्याकडे असेल त्याला छडी मिळे. मुलांनीच मुलांवर पाळत ठेवायची, अशी ही व्यवस्था. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. शिक्षकांनी, आणि पुष्कळदा पालकांच्या संमतीने, ती चालवली होती.

पालकांची संमती हा मुद्दा सोयीसाठी वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इंग्रजीने नोकरी मिळत होती, वेल्शने मिळत नव्हती. दक्षिण वेल्सच्या खाणींत इंग्लंडमधून मजुरांचे लोंढे आले आणि कामाच्या जागेची भाषा हळूहळू पालटली. १९०१ च्या जनगणनेत वेल्समधील जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलत होते. २०२१ साली हे प्रमाण १७.८ टक्क्यांवर, सुमारे ५ लाख ३८ हजारांवर आले. बाजाराने जे केले ते कायद्याला एकट्याने जमले नसते. आपल्याकडे कामगाराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी माध्यमात घालावे आणि आपण त्याला भाषाद्रोही म्हणावे, हा अन्याय आहे. त्याने बाजाराची आज्ञा ओळखलेली असते. दोष बाजाराची आज्ञा निसर्गनियम मानणाऱ्या धोरणाचा असतो.

वेल्श लोकांनी ही आज्ञा मुकाट्याने मानली नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावे. लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून ट्रवेरिन नदीचे खोरे बुडवण्याचा कायदा १९५७ साली वेल्सच्या बहुसंख्य खासदारांचा विरोध डावलून संसदेने संमत केला. १९६५ साली कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव शाळा, प्रार्थनामंदिर, टपालघर आणि शेतघरांसह पाण्याखाली गेले. सेनापती बापटांच्या मुळशीची कथा ज्याने ऐकली आहे त्याला हा प्रकार अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने ह्याबद्दल माफी मागितली ती २००५ साली. दरम्यान १९६२ साली साहित्यिक सॉन्डर्स लुईस ह्यांनी रेडिओवर भाषेच्या भवितव्यावर भाषण दिले आणि त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना स्थापन झाली. तिच्या तरुणांनी केवळ इंग्रजीत असलेले रस्त्यावरचे फलक रंगाने पुसले, समन्स वेल्शमध्ये मिळावे म्हणून दंड भरण्यास नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. थॅचर सरकारने वेल्श दूरदर्शन वाहिनीचे आश्वासन मोडले, तेव्हा १९८० साली प्लाइड कम्री ह्या पक्षाचे ज्येष्ठ नेते ग्विन्फोर एव्हान्स ह्यांनी आमरण उपोषणाची घोषणा केली. उपोषणाची तारीख उजाडण्यापूर्वीच सरकार नमले. १९८२ साली वाहिनी सुरू झाली. थॅचरबाईंना नमवणाऱ्यांची यादी फार लांब नाही. तीत हा सत्तरीकडे झुकलेला, अहिंसेवर श्रद्धा असणारा वेल्श गृहस्थ आहे. १९९३ च्या कायद्याने सरकारी कामकाजात वेल्शला इंग्रजीच्या बरोबरीचे स्थान मिळाले आणि २०११ साली ती वेल्सची अधिकृत भाषा झाली. आयरिश भाषेला उत्तर आयर्लंडमध्ये अधिकृत मान्यता मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

'ब्रिटिश' ह्या शब्दात काय होते?

इथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, 'ब्रिटिश' ही ओळख म्हणजे निव्वळ इंग्रजी वर्चस्वाचा मुखवटा. हे अर्धसत्य आहे. साम्राज्याच्या लुटीत धाकटे भाऊही वाटेकरी होते. बंगालचा ताग स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्यांत विणला जात असे, आणि कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत डंडीचे व्यवस्थापक नेमले जात. साम्राज्य ही ह्या चौघांची सामाईक मिळकत होती.

दुसरीकडे ह्या शब्दात एक नैतिक दावाही होता, आणि तो आपल्यापैकीच एकाने राज्यकर्त्यांच्या पदरात घातला. एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापक राहिलेले दादाभाई नौरोजी ह्यांनी १८९२ साली लंडनमधील फिन्सबरी मतदारसंघातून संसदेत प्रवेश केला. १९०१ साली त्यांनी आपला आर्थिक निःसारणाचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला तेव्हा शीर्षकात हिंदुस्थानातील राज्याला 'अन-ब्रिटिश' असे विशेषण लावले, 'अन-इंग्लिश' नव्हे. ब्रिटिश म्हणजे कायदा, न्याय आणि प्रातिनिधिक राज्य असे तुम्ही सांगता ना, मग ह्या कसोटीवर तुमचे राज्य ब्रिटिश नाही, असा तो युक्तिवाद होता.

तिसरा आणि आपल्याला सर्वांत जवळचा आशय श्रमिकांनी दिला. रॉबर्ट ओएन वेल्समध्ये जन्मला आणि त्याने आपला प्रयोग केला स्कॉटलंडच्या न्यू लॅनार्कमध्ये. खाणकामगार केर हार्डी स्कॉटलंडचा. १९०० साली त्याला निवडून दिले वेल्सच्या मर्थर टिडविलने. १९०७ साली तो हिंदुस्थान पाहून गेला. ट्रेडीगर ह्या वेल्श खाणगावातील कामगार वर्गणी काढून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवीत. किशोरवयातच खाणीत उतरलेल्या त्याच गावच्या अन्यूरिन बेव्हनने ५ जुलै १९४८ रोजी साऱ्या देशासाठी मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. कोळशाच्या खाणी १९४७ साली राष्ट्राच्या झाल्या, रेल्वे पुढल्या वर्षी. डरहॅमचा इंग्रज खाणकामगार, फाइफचा स्कॉटिश आणि ऱ्होंडाचा वेल्श ह्यांना एकाच राष्ट्राचे नागरिक असण्याचा अनुभव राजमुकुटाहून अधिक ह्या सामाईक संस्थांनी दिला.

त्या संस्था मोडल्या तेव्हा हा अनुभवही आटला. १९८४-८५ चा वर्षभराचा खाणसंप चिरडला गेला. २०१५ च्या डिसेंबरात यॉर्कशायरमधील शेवटची खोल कोळसा खाण बंद झाली. आज लंडनचे दरडोई उत्पादन वेल्सच्या दुपटीहून अधिक आहे. उत्तरेला मँचेस्टरपर्यंत जायची वेगवान रेल्वे २०२३ साली कागदावरच रद्द झाली. १९९७ च्या सार्वमतानंतर १९९९ साली एडिंबरा आणि कार्डिफ येथे स्वतंत्र विधिमंडळे आली. २०१४ साली स्कॉटलंडच्या ४४.७ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले. ह्या घटनांचे एकमेव कारण आर्थिक आहे असा माझा दावा नाही. परंतु जे राज्य आपल्या दूरच्या खोऱ्यांना काम देऊ शकत नाही, त्याने त्या खोऱ्यांकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या आधारावर धरावी?

गंमत अशी की, इंग्लंडला मात्र स्वतःची संसद नाही. इंग्रज माणसाने स्वतःला आणि ब्रिटनला इतके एकरूप मानले की, वेगळी ओळख ठेवण्याची त्याला गरजच वाटली नव्हती. ती अस्वस्थपणे जागी झाली २०१६ च्या युरोपविषयक सार्वमतात. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडण्याच्या बाजूने, तर स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंड जवळजवळ ५६ टक्क्यांनी आत राहण्याच्या बाजूने गेले. निर्णय अर्थातच चौघांनाही लागू झाला.

राष्ट्रीयत्वाची चौकट आणि तिचा क्रम

आकड्यांशी आयुष्य घालवलेल्या माणसाला ह्या विषयातील एक आकडा विसरता येत नाही. इंग्लंड व वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत स्वतःची राष्ट्रीय ओळख केवळ 'इंग्लिश' अशी सांगणारे ५७.७ टक्के होते, केवळ 'ब्रिटिश' सांगणारे १९.१ टक्के. दहा वर्षांनी, २०२१ साली, केवळ 'ब्रिटिश' ५४.८ टक्के आणि केवळ 'इंग्लिश' १४.९ टक्के! दहा वर्षांत राष्ट्राचे हृदयपरिवर्तन झाले का? सांख्यिकी कार्यालयाने स्वतःच खुलासा केला की, इंग्लंडमधील प्रश्नपत्रकात 'ब्रिटिश'ची चौकट ह्या वेळी सर्वांत वर आणली होती आणि बदलात त्याचा वाटा असावा. ज्या ओळखीसाठी माणसे मारायला आणि मरायला उठतात, ती लक्षावधी लोकांच्या मनात इतकी सैल असते की छापील कागदावरच्या क्रमाने हलते. राष्ट्रवादाचे ढोल वाजवणाऱ्या सर्वांनी, आपल्याकडच्यांनीसुद्धा, हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

उत्तर आयर्लंडने ह्यातून शहाणपणाचा मार्ग काढला आहे, जरी तीस वर्षांच्या रक्तपातानंतर. १९९८ च्या करारानुसार तेथे जन्मलेल्या माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही मानण्याचा आणि दोन्ही नागरिकत्वे घेण्याचा हक्क आहे. एका भूमीवर एकच राष्ट्रीयत्व असले पाहिजे हा आग्रह सोडल्यावरच तेथे बंदुका खाली आल्या.

बाहेरून आलेल्यांचा प्रश्न ह्याच्याशी जोडलेला आहे. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी वंशाची माणसे तिकडे स्वतःला 'इंग्लिश' म्हणवण्यापेक्षा 'ब्रिटिश' म्हणवणे पसंत करतात. इंग्लिशपणाला वंशाचा वास येतो. ब्रिटिशपण कायद्याने मिळते, म्हणून त्याचे दार उघडे वाटते. पण ह्या दारावरही पहारा बसला आहे. २००५ सालापासून नागरिकत्व मागणाऱ्याला ब्रिटनमधील जीवनावर परीक्षा द्यावी लागते: ४५ मिनिटांत २४ प्रश्न, ७५ टक्के गुण आवश्यक. राजांच्या बायका आणि लढायांच्या सनावळ्या पाठ केल्याने नागरिक घडतो, हा समज हास्यास्पद आहे; तेथे जन्मलेल्यांना ही परीक्षा द्यावी लागत नाही, हे त्यांचे भाग्यच. आणि कागदांचा भरवसा किती, हे २०१८ साली दिसले. १९४८ नंतर वेस्ट इंडीजमधून बोलावून आणलेल्या पिढीतील लोकांना, सारी हयात तेथे घाम गाळल्यावर, पुरेसे कागद नाहीत म्हणून बेकायदेशीर ठरवले गेले, काहींना देशाबाहेर घालवले गेले. सरकारला माफी मागावी लागली.

तरीही त्याच नागरिकत्वाच्या कायद्यात, १९८१ च्या कायद्यात, एक तरतूद आहे जी आमच्या शिकवणी वर्गांना ठाऊक नसते. अर्जदाराला भाषेचे पुरेसे ज्ञान हवे, कोणत्या भाषेचे? इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गॅलिक. ज्या राज्याने वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यातील पाटीकडे डोळेझाक केली, त्याच राज्याच्या कायद्यात आज वेल्श ही नागरिकत्वाची भाषा आहे. ही भेट वरून मिळालेली नाही; फलक रंगवून तुरुंगात गेलेल्या पोरांच्या पिढ्यांनी वेल्शची प्रतिष्ठा राखली म्हणून ती टिकली.

आपण काय करावे

इंग्रजी शिकू नका असे मी म्हणत नाही. मी स्वतः ती आयुष्यभर वापरली आणि आपल्या वस्तीतील मुलांना ती मिळू न देणे हा वर्गीय अन्याय आहे. मागणी एवढीच की, पहिला धडा बदला. 'इंग्लंड देशाची ओळख' हे शीर्षक काढून चार देशांचा नकाशा फळ्यावर काढा. डब्लिन कोणत्या देशात, कार्डिफ कोणत्या, हे मुलांना विचारा. 'इंग्लिश' आणि 'ब्रिटिश' ह्यांतील फरक व्याकरणाइतकाच कसोशीने शिकवा. तेथे भेटणाऱ्या माणसाला 'तुम्ही इंग्लंडचे का?' असे विचारण्याऐवजी 'तुम्ही कुठले?' असे विचारण्याची सवय लावा. राजवाड्याच्या चित्राशेजारी ट्रेडीगरच्या कामगारांची संस्था आणि ट्रवेरिनचे बुडालेले गाव ह्यांची गोष्ट ठेवा. त्यातून मुलाला कळेल की, ज्यांची भाषा आपण शिकतो त्यांच्यातही जेते आणि जित, मालक आणि मजूर आहेत. आणि हे कळलेला मुलगा इंग्रजीपुढे वाकून उभा राहणार नाही. आपल्या राज्यातील कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत मराठीची पाटी आपण कोणाच्या गळ्यात अडकवतो काय, हा प्रश्नही त्याला एखाद्या दिवशी पडेल. पडावा.

ती मुलगी आता वेल्श शिकते. रुग्णालयातर्फे आठवड्यातून एकदा वर्ग असतो. पाणी, दुखते का, कुठे दुखते, झोप आली का, एवढे तिला विचारता येते. त्या वृद्ध बाई पुढे काही आठवड्यांनी वारल्या. शेवटच्या दिवसांत 'दूर' म्हटले की ही पेला घेऊन जवळ जात असे. तिच्या नागरिकत्वाच्या अर्जाला अजून अवकाश आहे. तो भरताना राष्ट्रीयत्वाच्या कोणत्या चौकटीत खूण करावी, हे ती मला विचारणार आहे म्हणते. मी तिला सांगणार आहे की, ते तिने स्वतः ठरवावे. आणि पत्ता लिहिताना 'इंग्लंड' लिहू नये.